पाळी चुकलेल्या बाईला आधी नाव का विचारता?

गर्भधारणा तपासणीचं किट मेडिकलच्या दुकानात कुणालाही, काही न विचारता मिळतं, हे योग्य की अयोग्य, हा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतो. बालविवाह झालेली एखादी मुलगी आठव्या महिन्यात दवाखान्यात येते, किंवा बेकायदा गर्भपाताची बातमी छापून येते, की लगेच मागणी सुरू होते: किट घेणाऱ्याचं नाव लिहून घ्या, आधार क्रमांक घ्या, दिवस गेल्याचं दिसलं की थेट सरकारी नोंदीत टाका. समोरचे तितक्याच तावाने म्हणतात, हा बाईचा खासगी मामला आहे, सरकारने त्यात नाक खुपसू नये. सोलापुरात शिक्षकांच्या खोलीत, बचतगटाच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत मी हा वाद ऐकत आले आहे. एक बाजू बाईवर पाळत ठेवायला निघते, दुसरी तिला एकटं सोडायला. पाळी चुकल्यानंतरचे पहिले दिवस कसे जातात, त्या दिवसांत तिला कशाची गरज असते, हे मात्र दोघंही विचारत नाहीत.

माझं म्हणणं असं आहे. चाचणी फुकट, मुबलक आणि निनावी असली पाहिजे. नोंद ही त्यानंतरची वेगळी पायरी, आणि ती बाईच्या संमतीने, तिच्या वेळेने व्हावी. या दोहोंच्या मधल्या काळात तिला नाव न सांगताही पहिला सल्ला आणि पहिली गोळी मिळायला हवी. चाचणीलाच वही बांधली की बाई वहीपासून लांब राहण्यासाठी चाचणीच लांबवते आणि जे आठवडे परत मिळत नाहीत ते हातचे जातात. सरकारने यातून अंग काढून घ्यावं असं मी म्हणत नाही. सरकारने आजच्यापेक्षा लवकर यावं, पण हातात वही न घेता.

दिवसांचा हिशोब नीट पाहिला पाहिजे, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. डॉक्टर गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी चुकल्याचं बाईच्या लक्षात येतं त्या दिवशी कागदावर तिचे चार आठवडे झालेले असतात. गर्भ गर्भाशयात रुजला की एचसीजी नावाचं संप्रेरक तयार होऊ लागतं. सुरुवातीला ते दोन-तीन दिवसांत दुप्पट होत जातं, आणि पाळी चुकण्याच्या सुमाराला लघवीत इतकं उतरतं की पट्टीवर दुसरी रेघ उमटते. सकाळच्या पहिल्या लघवीत ते जास्त दाट असतं. रेघ आली नाही आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याभरात पुन्हा चाचणी करायची. सहावी-सातवी शिकलेली मुलगीही हे स्वतः करू शकते. याच काळात पोटात काय चाललेलं असतं? ज्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतो ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत, म्हणजे कागदावरच्या सहाव्या आठवड्यापर्यंत, बंद होते. ती नीट बंद व्हायला फॉलिक ॲसिड लागतं, रोज 400 मायक्रोग्रॅम, आणि खरं तर दिवस जाण्याच्या आधीपासूनच. 1991 साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी मज्जानलिकेचा दोष असलेलं मूल झालेल्या बायकांना फॉलिक ॲसिड जास्त मात्रेत दिल्यावर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. आपली व्यवस्था मात्र बारा आठवड्यांच्या आतल्या नोंदीला ‘लवकर नोंदणी’ म्हणते. अकराव्या आठवड्यात नाव लागलेली बाई अहवालात यशाच्या रकान्यात जाते, आणि तिच्या पोटातल्या बाळाची मज्जानलिका त्याआधी पाच आठवडे बंद झालेली असते.

गोष्ट फॉलिक ॲसिडवर संपत नाही. फिट येणारी बाई व्हॅलप्रोएट घेत असेल, तरुण मुलगी मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असेल, रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारून त्या ताबडतोब बदलाव्या लागतात. थायरॉईडच्या गोळीची मात्रा बहुधा वाढवावी लागते. मधुमेह असलेल्या बाईची साखर पहिल्याच आठवड्यांत आटोक्यात असावी लागते, कारण हृदय तेव्हाच घडत असतं. आणि मशेरी! आपल्याकडे कितीतरी बायका सकाळी दातांना मशेरी लावतात आणि तिला तंबाखूत धरतच नाहीत. ती तंबाखूच आहे, आणि गरोदरपणात तिने बाळाचं वजन घटतं. हे पाचव्या आठवड्यात सांगणं आणि सातव्या महिन्यात सांगणं यात फार मोठं अंतर आहे.

नेमक्या याच आठवड्यांत आपल्या घरांत काय चालतं? तीन महिने होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही. तिसऱ्या महिन्यात चोरचोळी होते, तीही घरातल्या घरात, गाजावाजा न करता. या रीतीला अंधश्रद्धा म्हणून झिडकारणाऱ्यांशी माझं पटत नाही. दिवस गेल्याचं कळल्यानंतरही शंभरातले दहा ते वीस गर्भ टिकत नाहीत, आणि त्यांतले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच जातात. ज्या बाईचं राहिलं नाही तिला भेटेल त्या प्रत्येकीला उत्तर द्यावं लागू नये, ‘काय गं, काय झालं, काय खाल्लंस’ ऐकावं लागू नये, म्हणून आज्या-पणज्यांनी धरलेला हा आडोसा आहे. सरकारी व्यवस्था नाव मागते तेही या तीन महिन्यांतच. आशाताई त्याच गल्लीतली असते, तिची सासू हिच्या सासूच्या भजनी मंडळात असते. आशाताई कितीही सचोटीची असली तरी तिच्या पिशवीतून निघालेलं किट आणि तिने उघडलेली वही गल्ली पाहत असते. मग बाई काय करते? तीन महिने सरू देते आणि तेराव्या-चौदाव्या आठवड्यात नाव देते. तिला अडाणी म्हणण्याआधी, आपण तिच्यापुढे दुसरा कोणता रस्ता ठेवला होता ते सांगा.

सोलापुरात डफरीन चौकातून रोज हजारो माणसं जातात. ज्या लेडी डफरीनचं, म्हणजे तेव्हाच्या व्हाइसरॉयच्या पत्नीचं, नाव तिथल्या रुग्णालयाला आणि चौकाला मिळालं, तिच्या पुढाकाराने 1885 साली हिंदुस्थानातल्या स्त्रियांना वैद्यकीय मदत पोचवण्यासाठी निधी उभा राहिला. त्या निधीमागे साम्राज्याचे हिशोब होते, त्याच्या मर्यादाही पुष्कळ होत्या. पण एक गोष्ट तेव्हा ओळखली गेली. बायका पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नसतील, तर बायकांना बोल लावून प्रसूतीतले मृत्यू थांबणार नाहीत. स्त्री डॉक्टर तयार करा, स्त्रियांची रुग्णालयं काढा. तीन महिने गप्प राहण्याच्या रीतीशी आज आपल्याला असंच वागता येणार नाही का? ती मोडेपर्यंत थांबायचं की तिच्या आतूनच काळजी पोचवायची?

नोंदणीवाल्यांचं सर्वांत वजनदार म्हणणं असं की नाव लागल्याशिवाय लाभ कसा मिळणार? मातृवंदना योजनेचे पैसे, लोहाच्या गोळ्या, जोखमीच्या मातांची वेगळी यादी, सगळं नोंदीवर चालतं. हे खरं आहे आणि मी ते मान्य करते. आशा आणि एएनएम, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिका, यांनी गेल्या दोन दशकांत नोंदीच्या बळावर जे काम केलं ते मोठं आहे. तेही पुरेशा पगाराशिवाय, मोबदल्यासाठी पुन्हा पुन्हा संप करत. पण नोंद झाली म्हणजे काळजी घेतली गेली, हे मला मान्य नाही. 2019 ते 2021 या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे देशभराचे आकडे ओळीने ठेवून पाहा. नोंदणी झालेल्या गरोदरपणांपैकी 95.9 टक्क्यांमध्ये माता-बाल संरक्षण कार्ड मिळालं. पहिल्या तीन महिन्यांत तपासणी झाली 70 टक्के मातांची. किमान चार तपासण्या झाल्या 58.1 टक्के मातांच्या. लोहाच्या गोळ्या 100 दिवस किंवा जास्त घेतल्या 44.1 टक्के मातांनी, आणि ज्या 180 दिवस घ्यायच्या असतात त्या तितके दिवस घेतल्या फक्त 26 टक्के मातांनी. गरोदर बायकांमधला रक्तक्षय आधीच्या सर्वेक्षणात 50.4 टक्के होता, तो 52.2 टक्क्यांवर गेला. कार्ड जवळजवळ प्रत्येकीला मिळालं, आणि निम्म्याहून अधिक गरोदर बायकांचा रक्तक्षय तसाच राहिला. मग किटवर आणखी एक वही लादून यातलं काय सुधारणार आहे? पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला डॉक्टरांकडून तपासणी होते. 2016 पासूनचा हा चांगला कार्यक्रम आहे, पण तोही चौथ्या महिन्यापासून पुढच्या मातांसाठी आखलेला आहे. पहिल्या तीन महिन्यांत नाव द्यायला जागा आहे. नाव न देता नुसतं विचारायला जावं अशी जागा कुठे आहे?

सक्तीने शोध घेतला की माणसं लपतात, हे महाराष्ट्राला नव्याने शिकायची गरज नसावी. 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँडच्या समितीने घरोघरी झडत्या सुरू केल्या. रोगी शोधून वेगळे करणं हे त्या काळच्या वैद्यकशास्त्राला धरूनच होतं, हेतू साथ रोखण्याचा होता. पण सोजिरांनी स्वयंपाकघरं आणि देवघरं तुडवली, तेव्हा लोक आजारी माणसं लपवू लागले, मृत्यू लपवू लागले, आणि ज्यांना औषधाची गरज होती तेच औषधापासून लांब गेले. कुणी म्हणेल, आशाताईची वही आणि रँडचे सोजिर यांची तुलना अन्यायाची आहे. आहेच, माणसांची तुलना मी करत नाही. पण ज्याला मदत हवी त्याला आपण शोधले जात आहोत असं वाटलं की तो काय करतो, हे दोन्हीकडे सारखंच आहे. गर्भावरच पाळत ठेवण्याचं उदाहरण हवं असेल तर रुमानियात चाउशेस्कूच्या राजवटीने 1966 मध्ये गर्भपातावर बंदी आणली आणि पुढे कारखान्यांत बायकांच्या सक्तीच्या तपासण्या केल्या. चोरून केलेल्या गर्भपातांत इतक्या बायका मेल्या की मातामृत्यूत तो देश युरोपात सर्वांत वाईट ठरला. 1989 मध्ये ती राजवट गेली, बंदी उठली, आणि मातामृत्यू झपाट्याने खाली आले.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो, कारण त्यात आपल्या राज्याची लाज आहे. निनावी चाचणी म्हणजे गर्भलिंग तपासून मुली पाडणाऱ्यांना मोकळं रान, असं म्हणतात. परळीचं 2012 चं बेकायदा गर्भपाताचं प्रकरण आणि सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला 2017 मध्ये ओढ्याकाठी सापडलेले गर्भ ज्यांना आठवतात त्यांच्या रागाला मी कमी लेखणार नाही. पण राग योग्य ठिकाणी वळला पाहिजे. लघवीच्या पट्टीला मुलगा-मुलगी कळत नाही. सोनोग्राफीत लिंग भरवशाने दिसायला साधारण बारा-तेरा आठवडे जावे लागतात. आईच्या रक्तावरून होणाऱ्या नव्या चाचण्या दहाव्या आठवड्याच्या आसपास ते सांगू शकतात, आणि त्यांनाही गर्भलिंग निदानबंदीचा कायदा लागू आहे. गुन्हा यंत्रापाशी घडतो आणि डॉक्टरच्या तोंडून घडतो. महाराष्ट्राने 1988 मध्ये, केंद्राच्या 1994 च्या कायद्याच्या सहा वर्षं आधी, या विषयावर देशातला पहिला कायदा केला तो हे ओळखूनच; पुढे केंद्राच्या कायद्याखाली यंत्राची नोंद, सोनोग्राफी केंद्राची नोंद, प्रत्येक सोनोग्राफीचा अर्ज हे सगळं आलं. 2016 मध्ये तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी उलट कल्पना मांडली होती, की प्रत्येक गर्भाचं लिंग आधीच सांगून नोंदवावं आणि मग त्या गर्भावर लक्ष ठेवावं. तिला कडाडून विरोध झाला तो योग्यच होता. त्यात पहारा डॉक्टरवरून उठून बाईवर बसत होता. सासरच्या दबावाखाली असलेल्या बाईलाच आरोपीच्या जागी उभं करायचं आणि मशीनवाल्याला मोकळं सोडायचं, यातून एकही मुलगी वाचणार नाही.

बालविवाहाचा आक्षेप त्याहून कठीण आहे, आणि त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळजवळ 22 टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. आपल्या जिल्ह्यातल्या तालुक्यांत फिरणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. सोळा वर्षांची मुलगी गरोदर राहिली तर ती आणि बाळ दोघंही धोक्यात असतात, आणि 2012 च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून लोक म्हणतात, लवकर शोधा, लवकर वाचवा. पण आज प्रत्यक्षात काय होतं? नाव लागलं की नवऱ्यावर गुन्हा, बापावर गुन्हा, हे दोन्ही घरांना ठाऊक असतं. म्हणून मुलीला घरात ठेवतात, वय वाढवून सांगतात, दुसऱ्या गावाला मामाकडे पाठवतात. ती डॉक्टरपुढे येते ती कळा सुरू झाल्यावर, रक्तदाब हाताबाहेर गेल्यावर. कायदा बदला असं मी म्हणत नाही. लग्न लावणारे सुटू नयेत. पण त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, ‘मला दिवस गेलेत का’, तिला गुन्ह्याच्या कागदाशिवाय मिळालं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानेही 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात हा ताण ओळखला. अल्पवयीन मुलीला गर्भपात हवा असेल तर पोलिसांना माहिती देताना, मुलीने आणि तिच्या पालकांनी तशी विनंती केल्यास, डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असं न्यायालयाने म्हटलं. नाव झाकून उपचाराचा दरवाजा उघडा ठेवता येतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं; ते आपल्या उपकेंद्राला का जमू नये?

आपल्याच जिल्ह्यात हे एकदा जमवून दाखवलं गेलं आहे. 1875 मध्ये पंढरपुरात, विठोबाच्या दारी टाकून दिलेल्या बाळांसाठी आणि फसवल्या गेलेल्या विधवांसाठी, तिथे न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांनी आश्रम उभा केला. त्याच्या बारा वर्षं आधी पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. या कामांवर सनातन्यांचा आक्षेप एकच होता: अशाने अनीतीला उत्तेजन मिळेल. म्हणजे विधवेला पकडून उघडं पाडणं त्यांना नीतीचं वाटत होतं, आणि तिचं नाव झाकून तिचा जीव वाचवणं अनीतीचं. फुल्यांनी बाईला गुपचूप येण्याची मुभा दिली, मूल ठेवायचं की सोडून जायचं हे तिच्यावर सोपवलं. म्हणून बायका आल्या आणि म्हणून मुलं जगली. ज्या राज्याच्या पाठ्यपुस्तकांत हे पान अभिमानाने छापलेलं आहे, तिथे 50-60 रुपयांच्या पट्टीसाठी आधार क्रमांक मागायची कल्पना सुचावी याचं मला दुःख होतं.

डॉक्टर मंडळींचा आक्षेप वेगळा आणि वैद्यकीय आहे. घरी चाचणी करायची, दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या आणायच्या, कुणाला न दाखवता घ्यायच्या, यातून बायका रक्तस्रावाने दगावण्याच्या टोकाला जातात, असं ते सांगतात. हे मी पूर्ण गांभीर्याने घेते. शंभरातले एक-दोन गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा नलिकेत, राहतात. पट्टी तिथेही दोन रेघा दाखवते. गोळ्यांनी तो गर्भ पडत नाही, नलिका फुटते, आणि पोटातल्या पोटात रक्त साचतं. म्हणून दोन रेघांनंतर पोटात एका बाजूला दुखलं, चक्कर आली, रक्त गेलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे वाक्य प्रत्येक किटच्या पुडीवर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत मोठ्या अक्षरात असायला हवं. पण किट कठीण करून हा धोका टळतो का? किट नसलेली बाई त्याच गोळ्या अंदाजाने घेईल, आणि दोन महिने उशिराने घेईल. गोळ्यांनी गर्भपाताला आपल्या नियमांत नऊ आठवड्यांची मर्यादा आहे. डॉक्टरच्या देखरेखीखाली, कायद्याने, सुरक्षित गर्भपात करून घ्यायचा असेल तरी पाचव्या आठवड्यात कळलेल्या बाईला वेळ असतो; अकराव्या आठवड्यात कळलेलीला गोळ्यांचा रस्ता बंद झालेला असतो. बाईला आधी कळलं तर ती काहीतरी वेडंवाकडं करेल, ही भीती जुनी आहे. मार्गारेट क्रेन या तरुण ग्राफिक डिझायनरने 1967 मध्ये अमेरिकेत एका औषध कंपनीत काम करताना घरी करायच्या चाचणीचा साधा संच तयार केला, तेव्हा तिला हेच ऐकावं लागलं. ही चाचणी डॉक्टरांच्या हातातून काढू नये, बायका घाबरतील, जिवाचं बरंवाईट करतील. 1971 मध्ये तो संच कॅनडात विकायला आला, 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतही. बायकांनी रेघ पाहिली आणि डॉक्टरांकडे गेल्या, फक्त आधीपेक्षा लवकर.

आता दुसऱ्या बाजूशी, ‘खासगी मामला’ म्हणून विषय मिटवणाऱ्यांशीही बोललं पाहिजे. खासगीपणा ज्यांना परवडतो त्यांच्यापुरतं ते ठीक आहे. शहरात नोकरी करणारी बाई किट विकत घेते, दुसऱ्याच दिवशी खासगी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते, आणि तिच्या फॉलिक ॲसिडचा एक दिवसही चुकत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या किंवा कुंभारीच्या घरकुलातल्या विडी कामगार बाईचं तसं नाही. पान आणि तंबाखू आणायची, घरात बसून विड्या वळायच्या, मोजून द्यायच्या, मजुरी हजारावर. दवाखान्यात गेलेली सकाळ म्हणजे न वळलेल्या विड्या. तंबाखूची धूळ त्याच खोलीत उडते जिथे ती झोपते. या बाईला सरकारने एकटं सोडलं तर तिच्याकडे खासगीपणा उरतो आणि काळजी उरत नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात राबणाऱ्या घरांची गोष्ट फार वेगळी नाही.

आणि ऊसतोड. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. दिवाळीच्या आगेमागे बीड, धाराशिवकडच्या टोळ्या माळशिरस, पंढरपूर, माढा, करमाळ्याच्या फडांत उतरतात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर घेतलेली. एक दिवस काम बुडलं तर मुकादम खाडा लावतो. हंगामाच्या सुरुवातीला दिवस गेलेली बाई गावी परतते तेव्हा तिचा पाचवा-सहावा महिना असतो. तिचं नाव असायचं तिच्या गावच्या वहीत, आणि ती असते इथल्या कोपीत, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरत. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढून टाकण्याचं प्रकरण गाजलं, राज्याला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायकांच्या पाळीशी मुकादमाचा, कारखान्याचा, खाड्याचा संबंध आहे, हे तेव्हा सगळ्यांनी वाचलं. इथे ‘सरकारने दूर राहावं’ म्हणणं म्हणजे तिचा मामला मुकादमावर सोपवणं. आणि इथेच ‘आधी नोंद’ म्हणणंही कोलमडतं, कारण तिची नोंद कोणत्या गावात करायची यावरच महिने जातात. तिला फडावर चाचणी हवी, हातात पंधरा दिवसांच्या गोळ्या हव्यात, आणि नाव न विचारता ‘अवजड मोळी उचलू नको, हे दुखलं तर इथे ये’ असं सांगणारी एक बाई हवी.

असं काम सरकारला जमणार नाही, असं कुणी म्हटलं तर मी एचआयव्हीकडे बोट दाखवेन. त्या आजाराच्या सुरुवातीच्या काळात सक्तीच्या चाचण्यांची, याद्यांची मागणी कमी जोरात नव्हती. आपल्या व्यवस्थेने शेवटी उलटी वाट धरली: स्वेच्छेने चाचणी, आधी आणि नंतर समुपदेशन, नावाची गुप्तता. 2017 च्या कायद्याने संमती आणि गुप्तता हे रुग्णाचे हक्क ठरले. सरकारी रुग्णालयांतल्या त्या छोट्या खोल्यांत समुपदेशक बसतात, आणि लोक येतात, कारण तिथे बोललेलं बाहेर जात नाही हे अनुभवाने कळलं आहे. तीच पद्धत गर्भधारणेला लावायला वेगळं खातं लागत नाही. आशांमार्फत वाटायची सरकारी ‘निश्चय’ किट आहेतच. ती आशाताईच्या पिशवीत असावीत, पण फक्त तिथेच नसावीत. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांत, महाविद्यालयांतल्या मुलींच्या स्वच्छतागृहांत, विड्या मोजून घेतात तिथे, एसटी स्टँडवर, आषाढीला पालखी मार्गावरच्या आरोग्य पथकांत, बाईने हात घालून उचलावीत अशी ठेवा. पुडीत पंधरा दिवसांच्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि एक चिठ्ठी घाला: मूल हवं असेल तर इथे या, नको असेल तरी इथे या, दोन्हींसाठी दार एकच आहे. रोज एक ठरलेली वेळ अशी ठेवा की तेव्हा आलेल्या बाईला आधी रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, रक्तगट आणि लघवीची तपासणी मिळेल, आणि नाव सगळ्यात शेवटी विचारलं जाईल. मातृवंदना योजनेच्या पहिल्या नमुन्यात पतीचं आधारही मागत, पुढे ती अट सैल करावी लागली. अटी बदलता येतात.

यात पैसे वाया जातील, काहीजणी गंमत म्हणून पुड्या नेतील, काही गोळ्या कचऱ्यात जातील. जाऊ देत. एका मज्जानलिकेच्या दोषावरची शस्त्रक्रिया, एका उशिरा सापडलेल्या रक्तदाबातला अतिदक्षता विभाग, यांच्यापुढे हा खर्च नगण्य आहे. काही बायका चाचणी करतील आणि कधीच नोंद करणार नाहीत, हेही मला मान्य आहे. आजही त्या नोंद करत नाहीत. फरक इतकाच पडेल की त्यांना स्वतःला वेळेत कळलेलं असेल आणि पोटात फॉलिक ॲसिड गेलेलं असेल. ज्यांना पुढे यायचं आहे त्या दहाव्या आठवड्याऐवजी सहाव्यात येतील. जिल्ह्याच्या मासिक अहवालात ‘बारा आठवड्यांच्या आत नोंदणी’ हा रकाना राहू दे. त्याच्या आधी आणखी एक जोडा: ‘आठ आठवड्यांच्या आत पहिली तपासणी, नावासह किंवा नावाशिवाय.’ यंदाच्या ऑक्टोबरात टोळ्या फडांवर उतरायच्या आत तो रकाना छापून आला आणि कारखान्यांच्या गट कार्यालयांत पुड्या पोचल्या, तर पुढच्या पाडव्याला तो किती भरला हे मोजता येईल.